हरभऱ्याच्या मरीवर ट्रायकोडर्मा: पुडीतली बुरशी जिवंत रानात कशी पोचवायची

पेरणीला तीन आठवडे झाले की मी रोज सकाळी हरभऱ्यातून एक चक्कर मारते. हिरवंगार रोप जमिनीवर लोळलेलं दिसलं, की ते उपटते आणि बुडापासून नखानं उभं चिरते. साल चांगली असते, मूळही वरून कुजलेलं नसतं, पण आत मधोमध तपकिरी-काळा दोरा गेलेला असतो. हा दोरा दिसला की समजायचं, मर लागली. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते. रानात ओल असून रोप तहानेनं मरतं. पाणी दिलं म्हणून ते उठत नाही.

लातूर जिल्ह्यात आमची साडेतीन एकर काळी जमीन आहे. सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा, असं आम्ही वर्षानुवर्षं केलं. मरीची बुरशी पीक नसतानाही मातीत सहा-सहा वर्षं तग धरते, हे तेव्हा माहीत नव्हतं. एका हंगामात अर्ध्या एकरात जागोजागी मोकळी खांडं पडली. पुढच्या वर्षी मी ट्रायकोडर्माची पुडी आणली, बियाला आधी कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक चोळलं आणि त्याच घमेल्यात, त्याच तासात ट्रायकोडर्माही चोळलं. दोन औषधं म्हणजे दुप्पट जोर, असं वाटलं होतं. हरभरा पुन्हा मरला.

चूक सासूबाईंनी दाखवली. पुडी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात काय आहे?" मी म्हणाले, जिवंत बुरशी आहे, रोगाच्या बुरशीला खाते. त्या म्हणाल्या, "जिवंत हाय तर मग बुरशी मारायचं औषध तिच्यावर कसं घातलंस? तापल्या दुधात विरजण लावतं का कुणी?" तेव्हापासून मी ट्रायकोडर्माला विरजणासारखंच वागवते. ताजं असावं, कोमट-ओलसर जागा मिळावी, खायला असावं आणि वर विष पडू नये. बाकी सगळी कृती यातूनच निघते.

ही बुरशी करते काय, तेही समजून घ्या. तिचे तंतू रोगाच्या बुरशीच्या तंतूंना वेलासारखा वेढा घालतात, पाचक रस सोडून त्यांची भिंत विरघळवतात आणि आतलं शोषून घेतात. अमेरिकेतल्या रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली हे लिहून ठेवलं. शिवाय ती मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधी पटकावते, त्यामुळे नंतर येणाऱ्या रोगाला शिरायला फट कमी उरते. म्हणूनच ती रोगाच्या आधी पोचायला हवी. लोळलेलं रोप ती उठवत नाही.

पुडी घेताना आणि घरी आणल्यावर

दुकानात पुडी कुठे ठेवलीय ते आधी बघा. मी एकदा आणलेली पुडी पत्र्याखाली, उन्हाच्या बाजूला, खतांच्या पोत्यांवर पडलेली होती. तारीख संपली नव्हती, पण आतला जीव संपला होता. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, नोंदणी क्रमांक आणि एका ग्रॅममध्ये निदान २० लाख जिवंत बीजाणू (पुडीवर 'सीएफयू' म्हणून २ × १०⁶ असं छापतात), एवढं वाचून घ्या. ट्रायकोडर्माची विरिडी जात असो की हर्झियानम, दोन्ही चालतात. पावती घ्याच.

घरी मी जिवंतपणाची परीक्षा घेते, आणि ही सवय प्रत्येकानं लावावी असं मला मनापासून वाटतं. मूठभर ज्वारी कुकरला चांगली शिजवायची, पाणी निथळायचं, पूर्ण गार करायची. उकळत्या पाण्यानं धुतलेल्या दोन काचेच्या बरण्यांत ती अर्धी-अर्धी घालायची. एकीत चिमूटभर ट्रायकोडर्मा, दुसरीत काहीच नाही. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून घरातल्या सावलीत ठेवायच्या. दोन-तीन दिवसांत पहिल्या बरणीत दाण्यांवर पांढरा कापूस दिसू लागतो आणि चार-पाच दिवसांत तो गडद हिरवा होतो. काही वाणांना तर चक्क ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. दुसरी बरणी तेव्हा साफ असली पाहिजे. दोन्हींत सारखीच बुरशी आली किंवा काळी-पिवळी आली, तर बाहेरची घाण शिरलीय, परीक्षा पुन्हा करा. पहिलीत काहीच वाढलं नाही, तर पुडी मेलेली आहे. ती ज्वारी कोंबड्यांना घालू नका, मातीत पुरा, आणि बरण्या परत स्वयंपाकात आणू नका.

शेणखतात वाढवणं

खरं काम इथं आहे. पुडी तशीच रानात फेकली तर कोरड्या मातीत ती उपाशी मरते. हरभरा पेरायच्या पंधरा दिवस आधी मी शेणखताचा ढीग लावते. कोरडवाहू पेरणी सप्टेंबरच्या शेवटापासून १० ऑक्टोबरपर्यंत आणि बागायती २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर होते, त्या हिशेबानं दिवस मोजा.

एका एकराला १०० किलो शेणखत आणि २ किलो ट्रायकोडर्मा, हे माझं प्रमाण. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतलं तर चहाच्या चोथ्यासारखं मोकळं, शेणाचा वास गेलेला, आणि ढिगात हात खुपसला तर गरम न लागणारं. अर्धकच्चं खत आतून तापतं आणि त्या धगीत ट्रायकोडर्मा टिकत नाही. शिवाय कच्च्या काडीकचऱ्यावर खोडकूज करणारी स्क्लेरोशियम बुरशी पोसली जाते, म्हणजे मर टाळायला गेलो आणि दुसराच रोग घरी आणला.

लिंबाच्या झाडाखाली, पावसाचं पाणी साचणार नाही अशा जागी खत पसरते. त्यावर पावडर भुरभुरून फावड्यानं खालीवर करते. नाकातोंडाला रुमाल बांधते, कारण ही भुकटी श्वासात जाऊ नये. मग अर्धा किलो गूळ विरघळवलेलं पाणी झारीनं शिंपडते. ओल किती, ते मुठीवर ठरवा. खत मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी टपकता कामा नये, आणि अंगठ्यानं टोचलं की लाडू फुटला पाहिजे. ढीग फूटभरच उंच ठेवते, वर ओलं गोणपाट टाकते. दर तीन-चार दिवसांनी खालीवर करून, कोरडं वाटलं तर शिंपडा मारते. आठव्या-दहाव्या दिवशी गोणपाट उचललं की खताच्या ढेकळांवर पांढरी जाळी आणि मध्येमध्ये हिरवे ठिपके दिसतात. पंधराव्या दिवशी ते रानात जायला तयार.

एक गोष्ट जपा. आमच्या गावातल्या एका बचत गटाच्या बायका धिंगरी अळिंबी (मशरूम) करतात. मी एकदा ढीग परतून तशाच कपड्यांनी त्यांच्या खोलीत गेले. पुढं त्यांच्या काही पिशव्या हिरव्या पडल्या. माझ्यामुळंच असं नक्की सांगता येत नाही, पण ट्रायकोडर्मा अळिंबीचा वैरी आहे. आता मी ढिगापासून ती खोली लांब ठेवते आणि कपडे बदलल्याशिवाय तिकडे जात नाही.

तयार खत संध्याकाळी, वाफशावर, कुळवाच्या शेवटच्या पाळीच्या आधी फेकायचं आणि लगेच मातीत मिसळायचं. भर उन्हात वर पडून राहिलं तर पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते. रान चिबड असेल तर आधी चर काढा, पाणी साचलेल्या जमिनीत ही बुरशीही गुदमरते.

बियाणं

घरचं बियाणं असेल तर किलोला ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा. गोणपाटावर बी पसरते, गुळाच्या पाण्याचा हलका हात लावते, पावडर टाकते आणि गोणपाटाची टोकं धरून दोघींनी झुलवतो. हरभऱ्याची साल पाण्यानं पटकन सुटते, म्हणून भिजवायचं नाही, चोळायचं नाही. त्यावर रायझोबियम (नत्र देणारं जिवाणू खत) आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, प्रत्येकी १० किलो बियाला २५० ग्रॅम. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी.

विकतचं बी गुलाबी-लाल रंगाचं असेल, तर त्याला रासायनिक बुरशीनाशक लावलेलं आहे. त्यावर ट्रायकोडर्मा चोळत बसू नका, ते शेणखतातून द्या. उभ्या पिकात रासायनिक आळवणी (बुडाशी औषधाचं पाणी ओतणं) करायची वेळ आलीच, तर दोन्हींमध्ये निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

एवढं सगळं करूनही वाण कमजोर असेल तर ट्रायकोडर्मा एकटं पुरत नाही. विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८, फुले विक्रम हे मरीला दाद न देणारे वाण आहेत, त्यातलंच घ्या. आणि ज्या तुकड्यात मर जास्त आहे तिथं मी आता रब्बी ज्वारी करते. उत्पन्न कमी आलं तरी चालेल, रान सुधारायला वेळ द्यावाच लागतो.

पेरणीनंतर फेरी सुरूच ठेवा, कारण लोळलेलं प्रत्येक रोप मरीचंच नसतं. बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसले तर ती खोडकूज. फुलोऱ्यात, ऊन वाढल्यावर झाड एकदम गवती रंगाचं होऊन वाळलं आणि उपटताना मूळ काडीसारखं कटकन तुटून जमिनीतच राहिलं, तर ती कोरडी मूळकूज. तिथं एखादं हलकं पाणी मदत करतं, मरीत ते करत नाही. खांडाच्या कडेची रोपं अजून उभी असतील तर लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून त्यांच्या बुडाशी आळवणी करते.

मेलेली रोपं मुळासकट उपटून बांधापलीकडे जाळा. उकिरड्यावर अजिबात टाकू नका, कारण पुढच्या वर्षी बुरशी वाढवायला त्याच उकिरड्याचं खत घ्यायचं आहे.