वंशभेदावरचं ट्रेनिंग एकट्याने बसून बनवू नका

मी इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या मुलामुलींना क्लिनिकल स्किल्स शिकवते. मागे एकदा वरून फर्मान आलं की वंशभेदावर एक सेशन पाहिजे, तेही दोन आठवड्यांत, आणि डिपार्टमेंटमध्ये सावळी मी एकटीच त्यामुळे ते आपोआप माझ्या गळ्यात पडलं. दोन रात्री जागून ढीगभर स्लाईड केल्या, बायस म्हणजे मनातला पूर्वग्रह म्हणजे काय, त्याचे प्रकार किती वगैरे. सेशनला गोरी मुलं मान खाली घालून बसली, आणि मी अतिशहाणपणा करून वर्गातल्या एकुलत्या एका काळ्या मुलीला म्हटलं, तुझा अनुभव सांग ना सगळ्यांना. ती गप्प. नंतर कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाली, "मॅडम, मी इथे शिकायची फी भरते, शिकवायची नाही."

तर पुढचं सगळं त्या फजितीनंतर शिकलेलं आहे, कोणाच्या गळ्यात असंच काम पडलं असेल तर उपयोगी पडेल.

आधी माणसं जमवा, स्लाईड नंतर. आठ-दहा जण पुरे: वेगवेगळ्या वर्षांचे दोन-तीन विद्यार्थी, दोन-तीन पेशंट किंवा त्यांचे नातेवाईक, वॉर्डातली एखादी नर्स, एक हेल्थकेअर असिस्टंट (हिला कोणी बोलवत नाही आणि पेशंटच्या अंगाला सगळ्यात जास्त हात तिचाच लागतो), आणि सिलॅबस बदलायचा अधिकार असलेलं एक तरी माणूस, नाहीतर नुसत्या गप्पा होतात. आणि पैसे द्या. चहा-बिस्किटावर भागवू नका, तासाचे पैसे, प्रवासखर्च, आणि तयार झालेल्या कामावर विद्यार्थ्यांची नावं. बजेट नाही म्हणाले तर तेवढ्यासाठी भांडा.

हे होऊ शकतं याचा नमुनाही आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत मलोन मुकवेंडे नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की शिकवलेली लक्षणं त्याच्यासारख्या कातडीवर कशी दिसतात हे कोणी सांगतच नाही, मग त्याने तिथल्या दोन शिक्षकांबरोबर २०२० मध्ये 'माइंड द गॅप' नावाचं हँडबुक काढलं, काळ्या-सावळ्या त्वचेवरच्या लक्षणांचं. विद्यार्थी आणि शिक्षक एका टेबलावर बसले म्हणून ते झालं.

पहिल्या मीटिंगला पॉवरपॉइंट नको. आहे तेच शिकवायचं साहित्य प्रिंट काढून टेबलावर पसरा आणि फोटो मोजायला लावा. आमच्या पुरळाच्या लेक्चरमध्ये सावळी कातडी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली, आणि स्किल्स लॅबमधले मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळे, सगळे एकजात गुलाबी. इथे कोणाला "तू वंशवादी आहेस" म्हणावं लागत नाही, ढीग समोर असतो.

मग त्यातूनच विषय काढा. आम्ही बेडसोरपासून, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेपासून, सुरुवात केली. पुस्तकात काय, तर टाचेवर किंवा माकडहाडावर लाली दिसते का बघा, अंगठ्याने दाबून सोडा, लाली जात नसेल तर धोका. गडद कातडीवर ती लाली बऱ्याचदा दिसतच नाही, मग नर्स "ठीक आहे" लिहून पुढे जाते आणि थेट जखमच दिसते. म्हणून हाताने बघायचं, पालथा हात आधी टाचेला आणि मग बाजूच्या कातडीला लावायचा, तिथे जास्त गरम किंवा गार लागतंय का, कडक झालंय का लिबलिबीत, पेशंटला दुखतंय का हे विचारायचं. खरं म्हणजे आपल्याकडे हे नवीन नाही, रक्त कमी आहे का बघायला गावातली नर्सताईसुद्धा तोंडाचा रंग बघत बसत नाही, डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. पण मी ज्या पुस्तकांतून शिकले त्यातले फोटो मात्र गोऱ्यांचेच.

दुसरा विषय ऑक्सिमीटर, कोविडमुळे तो घरोघरी माहीत आहे. अमेरिकेत २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात मशीन ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातलं खरं सॅचुरेशन (ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा झालं आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा. मुलांना एवढा आकडा सांगितला की आळस देणारेसुद्धा सरळ बसतात.

आणि एक, आपण सावळे म्हणून आपल्याला सगळं कळतं असं समजू नका. मी केसांच्या काळजीचा भाग एकटीने लिहून नेला तर ग्रुपमधल्या जमैकन आजींनी तो बाजूलाच सारला, म्हणाल्या, कोरड्या केसात मुळापासून कंगवा घातलास तर मी ओरडेन, आधी ओले कर, कंडिशनर लाव, मग टोकाकडून वर ये. माझी तेल-वेणीची अक्कल तिथे संपली. शिवाय लग्नाच्या जाहिरातीत "गोरी" मागणाऱ्या समाजातून आपण येतो, तेही ग्रुपमध्ये कबूल करून टाकलं, बरं वाटलं.

वाद होतीलच. शब्दांवरून तर होतातच, सगळ्यांना एका पोत्यात भरणारा 'बेम' (BAME, म्हणजे काळे, आशियाई आणि इतर अल्पसंख्य) हा शब्द सरकारी लिखाणातूनही गेला, मग काय वापरायचं हे पेशंटना विचारा आणि लिहून ठेवा.

रोलप्लेही विद्यार्थ्यांनाच लिहू द्या. आमच्यातल्या एकाने लिहिलेला प्रसंग असा, पेशंट म्हणतो "गोरी नर्स पाठवा", आणि सुपरवायझर त्या मुलीला म्हणते जाऊ दे, दुर्लक्ष कर. त्यावर ग्रुपने तासभर भांडून सुपरवायझरसाठी एक वाक्य ठरवलं: "ही आमची नर्स आहे, तुमची काळजी हीच घेणार आहे." आणि हे वाक्य त्या मुलीने नाही, सुपरवायझरने म्हणायचं, तिच्या देखत. पेशंट भ्रमात असेल तर गोष्ट वेगळी, तेही त्यात घातलं.

आधी एका छोट्या बॅचवर करून बघा, ग्रुपला मागे बसवा, चुका काढू द्या. आणि नंतर फीडबॅक फॉर्मवर फार विसंबू नका, त्यात सगळेच "छान होतं" लिहितात. तीन महिन्यांनी रीतसर परवानगी काढून वॉर्डातल्या त्वचेच्या नोंदी वाचा. नुसतं "लाली नाही" लिहिलंय, की "टाच बाजूपेक्षा गरम, कडक लागते" असं लिहिलंय, तेवढं बघा.