नैराश्य: सायकेडेलिक उपचार आणि नेहमीच्या गोळ्या यांची तुलना कशी करायची

‘सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के लक्षणमुक्त झाले, गोळ्या घेतलेल्यांपैकी २८ टक्के.’ (सायलोसायबिन म्हणजे काही मशरूममध्ये असणारं, जाणिवा बदलणारं सायकेडेलिक द्रव्य.) हा आकडा खरा आहे. इम्पीरियल कॉलेज लंडनच्या चाचणीतला तो आकडा २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. पण त्याच चाचणीचा अधिकृत निष्कर्ष असा आहे की आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापावर दोन उपचारांत फरक सिद्ध झाला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की तुलनेचं निम्मं काम झालं.

चाचणीत ५९ रुग्ण होते आणि ती सहा आठवडे चालली. एका गटाला तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा २५ मिलिग्रॅम सायलोसायबिन आणि रोज औषध नसलेली गोळी दिली. दुसऱ्या गटाला दोनदा फक्त १ मिलिग्रॅम सायलोसायबिन आणि रोज एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची नेहमीची गोळी दिली, पहिले तीन आठवडे १० मिलिग्रॅम आणि पुढचे तीन २०. मुख्य मोजमाप होतं रुग्णाने स्वतः भरायच्या सोळा प्रश्नांच्या फॉर्मचा स्कोअर, जो ० ते २७ असतो. तो एका गटात सरासरी ८ गुणांनी उतरला, दुसऱ्यात ६ गुणांनी. इतक्या कमी रुग्णांत दोन गुणांचा फरक योगायोगानेही पडू शकतो. ५७ आणि २८ हे आकडे दुय्यम मोजमापांपैकी एकाचे. दुय्यम मोजमापं बरीच असली की त्यांतलं एखादं नशिबाने चांगलं दिसतंच, आणि इथे त्यासाठीची सांख्यिकी दुरुस्ती केलेली नव्हती. म्हणून कुठलीही चाचणी वाचताना सर्वांत आधी मुख्य निकष कोणता होता ते शोधा. मग गोळीला पुरेसा वेळ दिला होता का ते पाहा. इथे एस्सिटालोप्रामचा पूर्ण डोस रुग्णांना जेमतेम तीन आठवडे मिळाला. या औषधांचा परिणाम नीट दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

पुढचा प्रश्न तुलनागटाचा, आणि सर्वाधिक गफलत इथेच होते. सायलोसायबिनच्या एका २५ मिलिग्रॅम डोसच्या तीन चाचण्या शेजारी ठेवून पाहा. तिन्हींत नैराश्य एकाच मापनपट्टीवर मोजलं, माँटगोमेरी-ऑसबर्ग, ० ते ६० गुण. २०२३ च्या चाचणीत १०४ रुग्ण होते आणि तुलनेला नायासिन हे जीवनसत्त्व दिलं होतं. सहा आठवड्यांनी फरक आला १२.३ गुणांचा. २०२२ च्या चाचणीत औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले २३३ रुग्ण होते आणि तुलनेला १ मिलिग्रॅमचा नाममात्र डोस. तीन आठवड्यांनी फरक ६.६. तशाच रुग्णांवरच्या आणि तुलनेला प्लासिबो (औषध नसलेली गोळी) ठेवलेल्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत सहा आठवड्यांनी फरक ३.६. तो २०२५ मध्ये जाहीर झाला. औषध तेच, डोस तोच, तरी उत्तर १२.३ पासून ३.६ पर्यंत फिरतं. आजार किती चिवट होता, तुलनेला काय दिलं, मोजमाप कोणत्या आठवड्यात घेतलं, यावर ते ठरतं. त्यामुळे ‘सायलोसायबिन इतके टक्के काम करतं’ हे वाक्य या तीन गोष्टींशिवाय निरर्थक आहे.

यात आंधळेपणाचाही, म्हणजे कोणाला काय दिलं हे लपवून ठेवण्याचाही प्रश्न आहे. गोळ्यांच्या चाचणीत आपल्याला खरं औषध मिळतंय की खोटं, हे रुग्णाला बहुतेकदा नक्की कळत नाही. सायलोसायबिन शरीरात सायलोसिन बनतं आणि मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए या रिसेप्टरवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर) जाऊन बसतं. अर्ध्या ते एक तासात जाणिवा बदलू लागतात आणि परिणाम सहा तासांच्या आसपास टिकतो. खरा डोस कोणाचा, हे रुग्णालाही कळतं आणि शेजारी बसलेल्या थेरपिस्टलाही. ज्याला काहीच झालं नाही तो निराश होतो आणि तुलनागटाची सुधारणा कमी भरते. गोळ्यांच्या चाचण्यांत उलट होतं. तिथे प्लासिबो गटातही आशा टिकून राहते, म्हणून तो गट बराच सुधारतो आणि औषधाचा फायदा छोटा दिसतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्र अभ्यास आला. त्यात २१ औषधं तपासली आणि सगळीच प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. तो फरक सायकेडेलिक चाचणीतल्या फरकाशी थेट ताडून पाहू नका. दोन्हीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्कोअर किती उतरला, हे आकडे वेगळे लिहून घ्या. ही तुलनाही पूर्ण निर्दोष नाही, पण पहिल्या तुलनेपेक्षा बरीच प्रामाणिक आहे.

तुलनेच्या दोन बाजू एकाच जातीच्या नाहीत, हेही ध्यानात असू द्या. एका बाजूला रोजची गोळी आणि अधूनमधून डॉक्टरांची भेट. दुसऱ्या बाजूला आधीची तयारीची सत्रं, डोसच्या दिवशी जवळजवळ पूर्ण दिवस सोबतीला प्रशिक्षित माणसं आणि नंतर अनुभवाचा अर्थ लावण्याची सत्रं. त्यातला फायदा औषधाचा किती आणि त्या सोबतीचा किती, हे वेगळं करता येत नाही. म्हणून एकीकडे गोळी आणि सोबत नियमित मानसोपचार, विरुद्ध सायकेडेलिक उपचार, अशी तुलना मागा.

आता स्वतःकडे वळा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टार-डी या मोठ्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या औषधावर साधारण ३७ टक्के आणि दुसऱ्या पायरीवर ३१ टक्के लक्षणमुक्त झाले. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर १३-१४ टक्केच. (हे आकडे फुगलेले होते, अशी टीका नंतरच्या फेरतपासणीत झाली. उतरता कल मात्र बोलका आहे.) तुम्ही पहिल्या गोळीवर असाल तर नेहमीच्या उपचारात अजून बराच वाव आहे. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही उपयोग झाला नसेल, तर प्रश्न वेगळा होतो. कागदावर चार रकाने आखा: औषधाचं नाव, सर्वांत जास्त डोस, किती आठवडे, का थांबवलं. हा तक्ता भरला की ‘पाच औषधं करून झाली’ म्हणणाऱ्यांच्या यादीतली दोन-तीन औषधं दहा दिवसांतच मळमळीमुळे सोडलेली निघतात. ती अपयशी ठरलेली नाहीत, ती घेऊनच पाहिलेली नाहीत. सोबत थायरॉइडची तपासणी, दारूचं प्रमाण आणि पूर्वी कधी झोप कमी, उत्साह अफाट असे दिवस आले होते का, याची नोंद करा. ते दिवस बायपोलर आजाराची खूण असू शकतात आणि मग दोन्ही उपचारांचं गणित बदलतं.

धोके दोन्हीकडे आहेत, फक्त त्यांची वेळ वेगळी असते. गोळ्यांमध्ये सुरुवातीला मळमळ, बेचैनी, झोपेची गडबड होते आणि लैंगिक तक्रारी पुढेही राहू शकतात. २५ वर्षांखालच्यांत पहिल्या आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. सायलोसायबिनमध्ये डोसच्या दिवशी डोकेदुखी, मळमळ, वाढलेला रक्तदाब आणि तीव्र भीती येऊ शकते. २०२२ च्या चाचणीत आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणं सर्व गटांत नोंदलं गेलं. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर चाचण्यांत सहसा प्रवेशच देत नाहीत. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असताना सायकेडेलिक घेतल्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत.

एक धोका तुलनेच्या तक्त्यात जवळजवळ कधीच नसतो: गोळी बंद करण्याचा. बहुतेक चाचण्यांत आधीची औषधं कमी करत बंद करावी लागतात आणि मग काही काळ मोकळा ठेवतात. फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी शरीरातून पूर्ण जायला सुमारे पाच आठवडे लागतात. गोळी अचानक तोडली तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि चिडचिड होते, आणि मधल्या काळात नैराश्य उसळू शकतं. घरी स्वतः गोळ्या सोडून मशरूम आणण्याचा विचार तर करूच नका. २५ मिलिग्रॅम म्हणजे शुद्ध, मोजलेलं सायलोसायबिन; मशरूममध्ये ते किती असेल याचा नेम नसतो, आणि सोबतची माणसंही नसतात.

उपलब्धतेचं थोडक्यात: ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देऊ शकतात. बहुतेक देशांत चाचणी हाच मार्ग आहे. एस्केटामाइन या नैराश्यावरच्या औषधाचा नाकातला फवारा २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. तो सायकेडेलिक उपचारांच्याच यादीत धरला जातो, पण त्याचं काम मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाच्या मार्गाने चालतं. प्रत्येक डोसनंतर दोन तास देखरेखीखाली बसावं लागतं.

चाचणीत जायचं ठरलं तर सही करण्याआधी हे लेखी घ्या: गोळी कोणत्या वेळापत्रकाने कमी होणार, त्या काळात बिघडलं तर रात्री फोन कोणाला करायचा, खोलीत कोण असेल, स्पर्शाबद्दलचा नियम काय, तुलनागटात पडल्यास नंतर खरा डोस मिळेल का, आणि उपयोग झाला नाही तर जुनं औषध कधी, किती डोसने पुन्हा सुरू होईल. गोळ्यांवरच राहायचं ठरलं तर पीएचक्यू-९ हा नऊ प्रश्नांचा फॉर्म दर दोन आठवड्यांनी, शक्यतो एकाच वारी भरा. सहा ते आठ आठवड्यांत स्कोअर निम्म्यावर आला नाही, तर तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि डोस वाढवायचा की औषध बदलायचं ते त्याच भेटीत विचारा. लक्षणं गेल्यावरही गोळी किमान सहा महिने चालू ठेवायची असते.