तपासणीची सोय सुरू करण्याआधी: अहवाल परत कसा जाणार?

दुर्गम ठिकाणी तपासणीची सोय उभी करण्याची माझी पहिली खेप वाया गेली. नमुने गोळा झाले, दूरच्या प्रयोगशाळेने ते वेळेत तपासलेही. अहवाल मात्र पाकिटात बंद होऊन कपाटात पडून राहिले, कारण ते रुग्णापर्यंत कोणी न्यायचे हे मी कोणालाच नेमून दिले नव्हते. म्हणून तयारीची यादी शेवटाकडून सुरू करतो. नमुना घेतानाच रुग्णाचे पूर्ण नाव, वय, राहण्याचा ठिकाणा, फोन त्याचा स्वतःचा आहे की घरातल्या दुसऱ्याचा, आणि निरोप कोणाकडे दिलेला चालेल, हे सारे लिहून घ्यावे. एकाच नावाची दोन माणसे हटकून निघतात, तेव्हा नोंदवहीतला क्रमांकच नळीवर हवा.

चाचण्या निवडताना जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ पासूनची अत्यावश्यक निदान चाचण्यांची यादी पाहावी; प्रयोगशाळा नसलेल्या केंद्रांसाठी तिच्यात वेगळा विभाग आहे. ज्या आजाराचे औषध हाताशी नाही आणि ज्यासाठी पुढे पाठवण्याची सोयही नाही, त्याची चाचणी आधी सुरू करू नये.

साठवणुकीकडे दुर्लक्ष नको. झटपट चाचण्यांच्या किटवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, ती कोठारात आणि वाटेतही पाळावी लागते. कंट्रोल रेषा, म्हणजे चाचणी चालली हे दाखवणारी पट्टीवरची वेगळी रेषा, उमटली म्हणजे द्रव पट्टीवरून नीट सरकला, एवढेच कळते. उष्णतेने चाचणीची (आजार दाखवणारी) रेषा निकामी झाली असली, तरी कंट्रोल रेषा दिसू शकते. तेव्हा तापमापक ठेवावा आणि रोज वाचावा, नुसता टांगून ठेवू नये. किटचे पाकीट चाचणीच्या क्षणीच फोडावे. निकाल सांगितलेल्या मिनिटांतच वाचावा, कारण उशिरा वाचल्यास नसलेली रेषाही दिसू शकते.

नमुना लांब पाठवायचा असेल तर वेळ मोजावी. पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तातली साखर सामान्य तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते, आणि तसे आलेले आकडे मधुमेह लपवतात.

क्षयरोग तपासणारे जीनएक्सपर्ट यंत्र आणणार असाल, तर त्याची कार्ट्रिज (नमुना घालायच्या बंद डब्या) २ ते २८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागतात, विजेला पर्याय हवा आणि वर्षाला कॅलिब्रेशन (यंत्राच्या अचूकतेची तपासणी) हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेले हे यंत्र २ तासांच्या आत निकाल देते. त्या २ तासांचे आठवडे करायला कपाटातले एक पाकीट पुरते, हे मी पाहिले आहे. म्हणून पुन्हा सांगतो: अहवाल नेणारा माणूस नावानिशी नेमा, तो रजेवर असेल तर दुसरा कोण हेही लिहा, आणि चिंताजनक निकाल त्याच दिवशी फोनवर कळवण्याचा नियम करा. फोन घरातल्या दुसऱ्याचा असेल, तर निकाल न सांगता फक्त केंद्रावर बोलवा.

हातमोजे, कापूस, लॅन्सेट (बोट टोचण्याची सुई) यांबद्दल सांगायला नको. वापरलेल्या सुयांसाठी सुई आरपार न जाणारा डबा आणि तो भरल्यावर कोण नेणार, तेवढे ठरवावे. तंत्रज्ञाचे प्रशिक्षण एकदाच करून भागत नाही. साठा संपण्याआधी मागणी नोंदवावी.

नोंदवहीत ‘अहवाल रुग्णाला दिला’ असा तारखेचा रकाना ठेवावा आणि दर आठवड्याला रिकामे रकाने मोजावेत. माझ्या पहिल्या वहीत तो रकानाच नव्हता.