रबर संपलंय की नुसतं ओलं झालंय? बॅट तपासायची रीत

जुलै उजाडला की पुण्यातल्या टेबल टेनिस हॉलमध्ये एकच तक्रार ऐकू येते: लूप, म्हणजे बॉल खालून वर घासून पुढे फिरवणारा फटका, मारायला गेलं की बॉल नेटमध्ये. दोष बॅटवर चिकटवलेल्या रबरावर जातो आणि काही हजारांचं नवं रबर मागवलं जातं. त्यातली बरीच रबरं संपलेली नसतात, ओली असतात. उलट काही जण वर्षभर मेलेल्या रबराने खेळत राहतात, कारण स्मॅश अजून नीट बसतो.

स्मॅशवरून रबर जोखताच येत नाही. बॉल जोरात आला की तो थेट रबराच्या खालच्या स्पंजमध्ये रुततो, त्यामुळे वरचा थर, म्हणजे टॉपशीट, गुळगुळीत झालं असलं तरी शॉट निघतो. हळू, घासून मारलेल्या शॉटमध्ये मात्र बॉल वरच्या थराला जेमतेम स्पर्श करून जातो आणि सगळा भार पकडीवर येतो. म्हणून तपासणी हळू लूप, आखूड सर्व्ह आणि पुश (बॉलखालून हळू कापून दिलेला फटका) यांनीच करायची.

आधी रबर स्वच्छ करा. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला मऊ स्पंज एकाच दिशेने फिरवा, सुती कापडाने टिपा आणि दहा मिनिटं सुकू द्या. डिटर्जंट, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही नको. मग बॅट ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधला, रोज बॉल लागतो तो भाग आणि हँडलजवळची पट्टी यांच्या रंगात फरक दिसतोय का? बॉल बोटांत पक्का धरून आधी हँडलजवळ आणि मग मध्यभागी हलका दाबून ओढा. कडेला अडतो आणि मध्ये सर्रकन घसरतो, तर टॉपशीट झिजलंय. बॅट उलटी करून बॉल चिकटून राहतो का, ही लोकप्रिय चाचणी मात्र फक्त चिकट चिनी रबरांना लागू पडते. बटरफ्लाय कंपनीच्या टेनर्जीसारखं न चिकटणारं रबर नवं कोरं असतानाही बॉल उचलत नाही, आणि तरी भरपूर स्पिन देतं.

आता टेबलावर. जोडीदाराला एकसारखे बॅकस्पिनचे (उलट्या फिरकीचे) पुश द्यायला सांगा आणि त्यावर वीस हळू लूप मारा. बॅटचा कोन चुकला तर बॉल नेटमध्ये जातो, पण जाताना तो फिरत असतो. पकड सुटली तर बॉल न फिरताच खाली पडतो आणि फक्त कोरडी घासल्याची खरखर येते. हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं. असे निसटलेले बॉल दिसले, तर रबर आणि बॉल दोन्ही कोरड्या कापडाने पुसून पुन्हा मारा. पाच-सहा बॉल छान बसले आणि मग पुन्हा निसटू लागले, तर तो दमटपणा आहे. पुसूनही काहीच बदललं नाही, तर रबर गेलं.

दमटपणावर उपाय साधा आहे: खिशात सुती रुमाल आणि दर सहा गुणांनंतर नियमाने मिळणारा टॉवेलचा वेळ पूर्ण वापरणं. रबरावर तोंडाची वाफ सोडून पुसायची सवय अनेकांना असते. एप्रिलच्या कोरड्या, धुळीच्या हवेत ती चालते, पावसाळ्यात तिने नुकसानच होतं. खेळून झाल्यावर ओली बॅट तशीच रेक्झिनच्या कव्हरमध्ये कोंबू नका, कडा सुटतात. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. तिथे भाजून निघालेलं रबर दोन महिन्यांत कडक पडतं आणि त्याला नाव मात्र कंपनीचं ठेवलं जातं.

रबर खरंच बदलायचं ठरलं, तर स्पंजच्या जाडीचा विचार आधी करा. बॉल जोरात मारल्यावर लाकडाचा टक् असा आवाज येत असेल, तर स्पंज तुमच्या ताकदीला पातळ किंवा मऊ पडतोय. आखूड पुश परतवताना बॉल उडून लांब जात असेल, तर स्पंज गरजेपेक्षा जिवंत आहे. शिकाऊ खेळाडूला १.८ मिलिमीटर पुरतो. नियमित लूप मारणाऱ्याने २.० घ्यावा आणि त्याहून जाड स्पंज हात वेगाने फिरणाऱ्यांसाठी सोडावा. नियमानुसार स्पंज, टॉपशीट आणि गोंद मिळून ४ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. कडकपणाचे आकडे तोलताना फसू नका: चिनी मोजपट्टीवरचे ४० अंश जर्मन मोजपट्टीवरच्या ४७.५ पेक्षा मऊ वाटतात, प्रत्यक्षात ते रबर अधिक कडक असतं. हात वेगाने फिरत नसेल तर असा कडक स्पंज दबतच नाही आणि महागडं रबर पाटीसारखं लागतं.

बॉलची कमानही बघा. उंच कमान देणाऱ्या रबराने लूप नेटवरून सहज जातो, पण समोरचा टॉपस्पिन (पुढे फिरणारा बॉल) ब्लॉक करताना, म्हणजे नुसती बॅट लावून परतवताना, बॅट नेहमीपेक्षा जास्त पुढे झाकावी लागते. पहिल्या आठवड्यात ब्लॉक टेबलाबाहेर गेले, तर रबर बदलू नका, कोन बदला.

चिकटवताना पाण्याचा गोंद स्पंजवर एक थर आणि लाकडावर एक थर लावा. पांढरा गोंद पूर्ण पारदर्शक झाल्यावरच रबर हँडलकडून वर लाटत न्या, ओढू नका. एरवी पंधरा मिनिटांत सुकणारा थर पावसाळ्यात अर्धा तासही घेतो. घाई केली की फुगे येतात आणि त्या जागी बॉल मेल्यासारखा पडतो. स्पंज फुगवणारं बूस्टर तेल मात्र टाळा. रबरावर कुठलीही प्रक्रिया करणं नियमाबाहेर आहे. स्पर्धा खेळणार असाल तर एक बाजू काळी हवीच. दुसरी बहुतेकदा लाल असते, पण ऑक्टोबर २०२१ पासून गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळीही चालते.