चाकांवरच्या घरात राहून बायबल भाषांतराच्या कामाला हातभार कसा लावावा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वॅक्सहॉ गावी आम्ही आमची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझ्या हातात एक शिडी आणि बारा ट्यूबलाइटी आल्या. मी आलो होतो बायबल भाषांतराला मदत करायला! बायकोच्या वाट्याला पाहुण्यांच्या खोल्यांचे पडदे शिवायचं काम आलं. संध्याकाळी चहा घेताना आम्ही दोघं खूप हसलो, पण आठवडाभरात त्यातलं गणित लक्षात आलं.

वॅक्सहॉ हे शार्लट शहराच्या दक्षिणेचं छोटं गाव. तिथे 'जार्स' या संस्थेचं मोठं आवार आहे. रस्ते नसलेल्या मुलखात भाषांतरकारांना विमानाने पोचवायचं आणि त्यांच्याशी रेडिओने संपर्क ठेवायचा, यासाठी कॅमेरॉन टाउनसेंड यांनी १९४८ साली ती सुरू केली. आवारात धावपट्टी, हँगर, वर्कशॉप, पाहुण्यांच्या खोल्या असं सगळं आहे. मग गवत कापणारा, नळ दुरुस्त करणारा, जेवण बनवणाराही लागतोच. निवृत्त जोडपी आपलं घर चाकांवर घेऊन येतात, त्यामुळे संस्थेला त्यांच्या राहण्याची सोय करावी लागत नाही. एक प्लॉट, वीज, पाणी आणि सांडपाण्याचा पाइप दिला की झालं.

आपल्याकडेही हे नवीन नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं, तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवण्याचं आणि छपाईचं काम तिथल्या बायकामुलींनीच केलं. मुखपृष्ठावर नाव एकाचं असलं, तरी मागे बरेच हात असतात.

आधी काम, मग जागा, गाडी सगळ्यात शेवटी

बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी चाळीस फुटी मोटरहोम घेतात आणि मग ती कुठे उभी करायची ते शोधत बसतात. तुम्ही कागद घेऊन बसा आणि आपल्या हाताला काय काय येतं ते लिहा. वायरिंग, सुतारकाम, हिशेब, शिवण, शंभर माणसांचा स्वयंपाक, संगणकाची देखभाल, काहीही चालेल. 'पडेल ते काम करीन' असं लिहिलेला अर्ज नम्र वाटतो, पण कामं वाटून देणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. 'वीस वर्षं इलेक्ट्रिशियन, शिडीवर चढता येतं, जड उचलता येत नाही' असं लिहा.

मग जागा. वॅक्सहॉखेरीज डॅलसला एसआयएल ही भाषाशास्त्राची संस्था आहे, आणि फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला विक्लिफ बायबल ट्रान्सलेटर्सचं अमेरिकेतलं मुख्यालय. ऑर्लँडोलाच 'विक्लिफ असोसिएट्स' नावाची दुसरी संस्था आहे. नावं सारखी असली तरी संस्था वेगळ्या आहेत, भाषांतराच्या पद्धतीही वेगळ्या. अर्ज नक्की कुणाकडे चाललाय ते पाहा. आरव्हीवाल्या स्वयंसेवकांच्या 'सोवर्स' आणि 'एमएमएपी' अशा संघटनाही आहेत. तिथे पाच-सहा जोडपी मिळून एखाद्या ख्रिस्ती संस्थेत काही आठवडे काम करतात. एकटं जायचा धीर होत नसेल तर सुरुवात तिथून करा.

फोनवर हे विचारून घ्या: आठवड्याला किती तास काम? दोघांनीही करायचं का? प्लॉट मोफत की कमी भाड्यात? वीज ३० अँपियर की ५०? सांडपाण्याचा पाइप प्लॉटवरच आहे का? गाडीच्या लांबीची मर्यादा किती? श्रद्धेचं निवेदन (आपण काय मानतो ते लिहून) आणि पाळकसाहेबांचं शिफारसपत्र बहुधा मागतात, पार्श्वभूमीची तपासणीही होते. त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

व्हिसाची गोष्ट

तुम्ही अमेरिकन नागरिक असाल किंवा ग्रीन कार्डवर असाल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. पण मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा 'नाहीतरी घरी बसूनच आहोत' म्हणून निघणार असतील, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करण्यासाठी बी-१ व्हिसात वेगळी तरतूद आहे, पण तिच्या अटी आहेत. शिवाय मोफत मिळालेला प्लॉटही मोबदला ठरू शकतो. 'पगार तर घेत नाही ना' एवढ्यावर भागत नाही.

गाडी

पहिल्यांदा भाड्याने घ्या. एका शनिवार-रविवारात कळतं की दोघांना एवढ्याशा जागेत एकमेकांचं घोरणं सोसतं की नाही. एकाच ठिकाणी तीन महिने मुक्काम करायचा असेल तर इंजिनवाल्या मोटरहोमपेक्षा पिकअपला जोडायचा ट्रेलर सोयीचा. घर जागेवर राहतं आणि किराणा आणायला पिकअप मोकळी मिळते. मोठी पेट्रोल मोटरहोम लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर देते. लांबचा प्रवास ठरवताना तो आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

पहिला आठवडा: वीज, पाणी आणि ती टाकी

३० अँपियरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट, त्याच्यापुढे एक दिवाही नाही. आम्ही एसी चालू ठेवून मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायला गेलो आणि पाण्याचा हीटरही विजेवर होता. ब्रेकर उडाला. इलेक्ट्रिशियनच्याच घरात अंधार. ५० अँपियरला दोन लाइनी मिळून १२,००० वॅट मिळतात, पण ती जोडणी सगळीकडे नसते. तेव्हा प्लॉटवरचा विजेचा खांब आणि गाडी यांच्यामध्ये सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं यंत्र) लावा आणि एका वेळी एकच जड उपकरण चालवा. प्रेशर कुकर गॅसवर छान होतो. फोडणी देताना मात्र छतावरचा पंखा आधी चालू करा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म ओरडायला लागतो.

पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय पाइप जोडू नका. आवारातल्या पाण्याचा दाब आरव्हीच्या प्लास्टिकच्या नळ्यांना झेपेलच असं नाही.

आता ती टाकी. आरव्हीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. बेसिन आणि आंघोळीचं पाणी एकीत जातं, संडासचं दुसरीत. नवखा माणूस दोन्हींच्या झडपा उघड्याच ठेवतो, कारण पाइप तर जोडलेलाच आहे. तसं केलं की संडासच्या टाकीतलं पाणी वाहून जातं आणि घट्ट ते मागे राहून त्याचा डोंगर होतो. तो फोडण्याचं काम मी एकदा केलंय, वर्णन करणार नाही. संडासची झडप बंद ठेवा आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की उघडा. त्यानंतर साबणाच्या पाण्याची झडप उघडा, म्हणजे तेच पाणी जाता जाता पाइप धुऊन काढतं. हातमोजे घाला, आणि ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपाजवळ ठेवू नका.

कामाचे दिवस

वेळेवर जा. घर शंभर पावलांवर असलं की उशीर होतोच, हा माझा अनुभव. साहेबी विसरा. निवृत्त मॅनेजरला विशीतला पोरगा गवत कापायचं मशिन कसं धरायचं ते शिकवतो, ते शिकून घ्यावं. विमानाच्या कामाची हौस असली तरी परवानाधारक मेकॅनिक सांगेल तेवढंच करा. तिथे उरलेला बोल्ट 'चालेल की' म्हणून लावत नाहीत.

भाषांतर तुम्हाला करायला देणार नाहीत, पण भाषांतरकार भेटतात. पापुआ न्यू गिनीहून रजेवर आलेल्या एका कुटुंबाच्या खोलीतला हीटर मी दुरुस्त करत होतो. त्या देशात आठशेहून जास्त भाषा आहेत. त्या कुटुंबातल्या बाई मला म्हणाल्या, 'मराठीत इंग्रजी 'वी'साठी दोन शब्द आहेत ना?' आम्ही आणि आपण. मग त्यांनी मार्क ४:३८ काढलं. होडी वादळात सापडली आहे, येशू झोपलाय आणि शिष्य म्हणतात, आम्ही बुडतोय. इंग्रजीत एकच 'वी', प्रश्नच येत नाही. पण त्या कामाला होत्या तिथल्या भाषेत ठरवावंच लागतं, बुडणाऱ्यांत येशू धरायचा की नाही? त्यावर त्यांच्या गटाची एक अख्खी दुपार गेली होती. पाना हातात धरून मी दहा मिनिटं तसाच उभा राहिलो. 'आपण' म्हटलं तर होडी सगळ्यांची होते, आणि 'आम्ही' म्हटलं तर तक्रार.

पैशाचं

पगार शून्य, डिझेल-पेट्रोल आपलं. अमेरिकेत कर भरताना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी चालवलेल्या गाडीचे मैलामागे १४ सेंट वजा करता येतात, पण त्याच्या अटी आधी पाहून घ्या. तुमच्या वेळेची किंमत वजा होत नाही. आरोग्य विमा ज्या राज्यात जाणार तिथे चालतो का ते आधी पाहा. मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) देशभर चालतं, खाजगी कंपन्यांच्या मेडिकेअर योजना बरेचदा ठराविक डॉक्टरांपुरत्याच असतात. टपालासाठी कायमचा पत्ता लागतो. मुलाचा द्या, किंवा टपाल पुढे पाठवणारी सेवा घ्या.

निघताना

हिवाळ्यात सगळे आरव्हीवाले दक्षिणेला धावतात, म्हणून फेब्रुवारीची जागा उन्हाळ्यातच मागून ठेवावी. निघायच्या सकाळी आधी खांबावरचा ब्रेकर बंद करा, मग प्लग काढा. टाक्या रिकाम्या करा, पाण्याचा पाइप गुंडाळा, सरकत्या भिंती आत घ्या, अँटेना खाली करा. मग दोघांनी गाडीभोवती वेगवेगळ्या बाजूंनी एकेक फेरी मारा. आम्ही एकदा ती फेरी चुकवली. फाटकापाशी मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि मला वाटलं तो निरोप देतोय. आमची पायरी बाहेरच होती.