सडा वाचावा म्हणून लिहिताना

कोकणातला जांभ्याचा सडा (उघड्या कातळाचे पठार) सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’ असतो, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. तोच शब्द डोक्यात ठेवून पुढे खाणीची किंवा कारखान्याची बोलणी होतात आणि ‘तिथे आहेच काय?’ असे विचारले जाते. या प्रश्नाला नावानिशी आणि तारखेनिशी उत्तर देणे, हे सड्यावर लिहिणाऱ्याचे काम आहे.

त्यासाठी सगळा सह्याद्री कवेत घेऊ नये. चालत जाता येईल असा एकच सडा निवडावा आणि मेअखेरीपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला तिथे जावे. जूनमध्ये दिपकाडीची पांढरी फुले उमलतात. ही वनस्पती कोकणाबाहेर क्वचितच आढळते. श्रावण-भाद्रपदात ओल्या कातळावर ‘सीतेची आसवे’ फुलतात. ती उभ्याने पाहून भागत नाही, गुडघे टेकावे लागतात. फूल नखाएवढे, दांडा सुतासारखा, आणि खाली चिखलात दडलेल्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात, कारण कातळावरच्या मातीच्या पातळ थरात नत्र फार कमी असते. हे एवढे नीट लिहिले, तर ‘नयनरम्य’ हा शब्द वापरण्याची गरजच उरत नाही.

नावे गावात विचारावीत. गुराख्यांना आणि म्हाताऱ्या बायकांना ती ठाऊक असतात. दोन वाड्यांत एकाच फुलाला दोन नावे निघाली, तर दोन्ही लिहावीत. मारुती चितमपल्ली यांनी बगळ्यांच्या विणीच्या जागेला ‘सारंगागार’ म्हटले आणि त्या जागेला मराठीत स्वतःची ओळख मिळाली. ज्याला नाव आहे, त्याच्यासाठी भांडता येते, असे मला मनापासून वाटते.

फुलांत रस नसलेला वाचकही असतो, म्हणून पाण्याविषयी अवश्य लिहावे. जांभा सच्छिद्र असल्याने सड्यावर मुरलेला पाऊस पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतो. खालच्या वाडीतली विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, हे तिथल्या बायकांकडून समजून घेऊन त्यांच्याच शब्दांत मांडावे. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा मात्र कधीही छापू नये. २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या कास पठारावर गर्दी इतकी वाढली की पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

लेख दिवाळी अंकात आला तरी काम अर्धेच झाले. त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्यावी आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या नोंदी घालण्याचा आग्रह धरावा. पर्यावरणविषयक जनसुनावणी जाहीर झाली, तर नोटिशीपासून किमान तीस दिवस हाती असतात. तेवढ्यात लेखी हरकत दाखल करावी आणि तिला लेखाऐवजी दिनांकवार टिपणांची वही जोडावी: कोणत्या दिवशी, कोणत्या डबक्याकाठी, काय फुलले होते.