लांब पल्ल्याचा सराव वाटेपाशीच बिघडतो: या चुका टाळा

हाफ किंवा फुल मॅरेथॉनला नाव नोंदवलं की बहुतेक जण आधी बूट शोधतात, मग वेळापत्रक. पळायचं कुठे, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. घराबाहेर पडायचं आणि समोरच्या रस्त्याला लागायचं. सहा-आठ आठवड्यांनी तक्रारी सुरू होतात. एकच गुडघा दुखतो, वेग जागचा हलत नाही, तिसाव्या किलोमीटरला पाय उचलत नाहीत. दोष वयाला, वजनाला किंवा बुटांना दिला जातो. पण यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ रोजच्या वाटेत सापडतं. ती वाट किती चढाची, किती तिरकी, किती खडबडीत, यावर आज शरीराला किती ताण पडणार हे ठरतं, आणि वेळापत्रकात तर फक्त ‘८ किमी हलकं’ एवढंच लिहिलेलं असतं.

एकच गुडघा का दुखतो

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधतात. गाडीत बसून हा उतार जाणवत नाही. कडेने तासभर पळताना मात्र एक पाय दर पावलाला किंचित खाली पडतो आणि दोन्ही पायांवर वेगवेगळा ताण येतो. दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असेल, ठरावीक अंतर झाल्यावरच सुरू होत असेल आणि उतारावर वाढत असेल, तर आयटी बँडचा, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या जाड पट्ट्याचा संशय घ्यावा आणि लगेच रस्त्याकडेही पाहावं.

यात एक गंमत आहे. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळावं, हा सल्ला योग्यच. पण तो पाळून तुम्ही जाताना या कडेने आणि येताना त्या कडेने पळालात, तरी खाली पडणारा पाय तोच राहतो. कागदावर रस्ता काढून पाहा. त्यामुळे जाऊन-येऊन हिशेब बरोबर होतो, हा समज खोटा आहे. म्हणून वाहनांना पाठ करून पळायला लागू नका. आठवड्यातले निदान दोन दिवस सपाट जागेवर काढा: मैदान, रुंद पदपथ, वाहनं बंद असलेला रस्ता, पाण्याकाठची वाट, जे मिळेल ते.

सपाट म्हणून सगळा सराव ४०० मीटरच्या ट्रॅकवर हलवणं हीदेखील चूकच. ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. १० किलोमीटर म्हणजे २५ फेऱ्या आणि ५० वळणं, सगळी डावीकडे. ट्रॅक इंटर्व्हलसाठी, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात पळायच्या छोट्या तुकड्यांसाठी ठेवा. तो रिकामा असेल आणि तिथल्या नियमांत बसत असेल, तर वॉर्मअप उलट दिशेने करा.

नकाशावर सुरेख, पायाखाली भलतंच

नवी वाट शोधताना हल्ली पहिली धाव हीटमॅपकडे, म्हणजे अॅपवरच्या धावांच्या नोंदी एकत्र करून काढलेल्या नकाशाकडे असते. जिथे जास्त लोक पळतात ती रेघ ठळक दिसते, म्हणून ती चांगली असं आपण गृहीत धरतो. पण ते लोक कोणत्या वेळी पळतात, एकटे की गटाने, हे ती रेघ सांगत नाही. सायकलस्वारांच्या नोंदी गाळलेल्या नसतील तर ती ठळक रेघ भरधाव वाहनांचा हमरस्ताही निघू शकते. हीटमॅपला आरंभबिंदू समजा, शिफारस नाही. जाता जाता, धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अॅपने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगाचा हीटमॅप प्रसिद्ध केला आणि २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की त्यावर सैनिकी तळांमधल्या धावण्याच्या वाटाही उमटल्या आहेत. सैनिकांचा ठावठिकाणा असा उघड होतो, तर तुमच्या दाराचा का होणार नाही? अॅपमध्ये घराभोवतीचा भाग लपवायची सोय असते. ती आधी चालू करा.

पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा मोफत नकाशा मला अधिक उपयोगी वाटतो. २००४ पासून स्वयंसेवक तो काढत आले आहेत आणि गाडी जात नाही अशा वाटाही त्यात बऱ्याचदा मिळतात. मात्र कुणी कधीकाळी काढलेली वाट आज झुडपांत गडप झालेली असू शकते, किंवा तिथे कुंपण पडलेलं असू शकतं. म्हणून उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवून ताडून पाहा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटीवाटीने असतील तिथे चढ तीव्र, लांब लांब असतील तिथे सौम्य. एकूण चढाईचा आकडा प्रत्येक अॅपमध्ये वेगळा येतो, कारण उंचीच्या बारीकसारीक फरकांची बेरीज करायची प्रत्येकाची रीत वेगळी. दोन वाटांची तुलना करायची तर एकाच अॅपमधले आकडे घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नव्या वाटेवर पहिल्याच दिवशी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, ठेवू नका. आधी एकदा चालत जाऊन या, आणि ज्या वेळी पळणार त्याच वेळी जा. रविवारी दुपारी शांत दिसलेली वाट पहाटे काळोखी असते, कामाच्या दिवशी ट्रकांची असते. पाणी कुठे मिळेल, फोनला रेंज कुठे जाते, अर्ध्यावर थांबावं लागलं तर मोठ्या रस्त्यावर कुठून निघता येईल, मोकळी कुत्री कुठे असतात, एवढं पाहून ठेवा. वाट खाजगी जमिनीतून जात असेल तर विचारूनच पळा.

मऊ माती सांध्यांना चांगली म्हणून डांबर पूर्ण सोडणारेही भेटतात. भुसभुशीत वाळूत टाच खोल रुतते आणि टाचेमागच्या शिरेवर (टेंडनवर), पोटऱ्यांवर जास्त जोर येतो. ओबडधोबड वाटेवर घोटे दमतात. शर्यत डांबरावर असेल तर काही लाँग रन डांबरावर व्हायलाच हवेत. उलट ट्रेलच्या, म्हणजे डोंगर-रानातल्या कच्च्या वाटांवरच्या शर्यतीची तयारी करताना किलोमीटरमागे किती मिनिटं, हा हिशेब सोडून द्या आणि तासांत मोजा. तिथे १० किलोमीटरला रस्त्यावरच्यापेक्षा दीडपट वेळ लागला, म्हणजे तुम्ही मंद झालात असं होत नाही.

घड्याळात ४२.७

चार तासांच्या आत फुल मॅरेथॉन करायची म्हणून कुणी किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंदांचा पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) धरतो. ४२.१९५ किलोमीटरला तो ३ तास ५९ मिनिटं ६ सेकंदांचा होतो. हिशेब चोख. पण शेवटच्या रेषेवर जीपीएस घड्याळ ४२.७ किलोमीटर दाखवतं आणि वेळ होते ४ तास २ मिनिटं. मग आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला म्हणून ओरड.

प्रमाणित मार्ग अंशांकित केलेल्या, म्हणजे आधी पक्क्या मोजलेल्या अंतराशी ताडून घेतलेल्या सायकलने मोजतात, तोही सर्वांत जवळच्या रेषेने, वळणं आतून कापत. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जादा धरतात, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जात, वळणं बाहेरून घेत आपण त्याहून जास्तच पळतो. त्यात उंच इमारती आणि झाडांखाली जीपीएस भरकटतं ते वेगळंच. उपाय दोन. लक्ष्य वेळेतून दोन-तीन मिनिटं आधीच वजा करून पेस काढा, आणि शर्यतीत घड्याळाचा आपोआप पडणारा लॅप बंद करून किलोमीटरच्या पाटीपाशी हाताने बटण दाबा. सरावाच्या वाटेवरही एखादा पक्का मोजलेला किलोमीटर माहीत असू द्या. ट्रॅकच्या आतल्या लेनच्या अडीच फेऱ्या म्हणजे १ किलोमीटर, त्यावर घड्याळ किती चुकतं ते कळतं.

लक्ष्य वेळेचंही तेच. इच्छेवरून ती ठरवू नका. पीटर रीगल या अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता साधारण २.०८५ पट होते. १० किलोमीटर ६० मिनिटांत होत असेल तर हाफला २ तास १२ मिनिटं आणि फुलला ४ तास ३६ मिनिटं येतात. फुलचा आकडा त्यांच्यासाठीच खरा ज्यांचा आठवड्याचा पल्ला भरपूर आहे. बाकीच्यांनी त्यात थोडी भर घालावी.

हलका दिवस हलका राहत नाही

वेग वाढत नाही, अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: हलक्या दिवशी कुठे पळता? उत्तर बहुधा रोजच्याच वाटेचं असतं, आणि त्या वाटेत दोन-तीन चढ असतात. चढावर तोच वेग राखायला गेलं की दम लागतो. आठवडाभर असं चाललं की एकही दिवस पूर्ण हलका नाही आणि पाय कायम दमलेले, म्हणून एकही दिवस पुरेसा जोरदार नाही. अव्वल सहनशक्ती खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणारे स्टीफन सायलर यांनी दाखवून दिलं की त्यांच्या सरावातला सुमारे ८० टक्के भाग अगदी संथ असतो. आपण हौशी लोक नेमकं उलट करतो.

संथ म्हणजे किती? पळता पळता सलग दोन-तीन पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. हृदयाच्या ठोक्यांवर जायचं असेल तर ‘२२० वजा वय’ हे सूत्र जपून वापरा. ते १९७१ च्या एका लेखातून पसरलं आणि प्रत्यक्ष कमाल ठोके त्यापेक्षा १०-१२ ने वर किंवा खाली असणं अगदी सर्वसाधारण आहे. चाळिशीतल्या माणसाचा १८० चा आकडा खरा १९० असेल, तर त्याच्या सगळ्या मर्यादा वर सरकतात.

म्हणून वाटा निदान तीन हव्यात. हलक्या दिवसाची सपाट, सावलीची, कंटाळवाणी असली तरी चालेल. टेम्पोसाठी, म्हणजे सलग जोरदार वेगाच्या धावेसाठी, सिग्नल आणि चौक नसलेली, दोन-तीन किलोमीटर न थांबता पळता येईल अशी. आणि एक चढ-उताराची. हलक्या दिवशी चढ टाळणं शक्यच नसेल तर चढावर चाला. लाज वाटायचं कारण नाही.

चढाचा सराव होतो, उताराचा राहतो

चढ पळून वर जायचं आणि उतार म्हणजे विश्रांती, अशी समजूत असते. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात. स्नायूंची सर्वाधिक झीज याच प्रकारच्या कामाने होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं. अमेरिकेतली बॉस्टन मॅरेथॉन याचं ठळक उदाहरण आहे. हॉपकिंटनहून बॉस्टनपर्यंत हा मार्ग एकंदर १४० मीटरच्या आसपास खाली उतरतो. आरंभीच्या उतारावर लोक सुटतात आणि २६ किलोमीटरच्या सुमारास न्यूटनच्या टेकड्या सुरू होतात तेव्हा त्यांच्या मांड्या संपलेल्या असतात. यातल्या शेवटच्या चढाला, हार्टब्रेक हिलला, नावं ठेवतात, पण खरी खोडी आधीच्या उताराची.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हे पटकन शिकतात. एकदा उतारावर पळून मांड्या भरून आल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने तेवढं दुखत नाही. सौम्य उतारावर चार-सहा वेळा एक-एक मिनिट, छोटी पावलं, शरीर मागे न टाकता. शेवटचा असा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्या.

लाँग रन आणि तिसावा किलोमीटर

पल्ला आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असं सगळे सांगतात. तो काही निसर्गनियम नाही, पण घाई आवरायला बरा. छाती आणि स्नायू काही आठवड्यांत सवयीचे होतात, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या शिरा आणि हाडं महिने घेतात, म्हणून दम आहे म्हणून पल्ला वाढवणं धोक्याचं. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी ठेवा.

लाँग रनसाठी पहिल्यांदा चार-पाच किलोमीटरचा लूप, म्हणजे फिरून त्याच जागी येणारी वाट घ्या. दर फेरीला पाणी मिळतं आणि बिनसलं तर घर जवळ. याच कारणाने पुढे लूप सोडायला हवा, कारण थकल्यावर घर जवळ असलं की माणूस थांबतो. सरळ जाऊन परत यायची वाट असेल तर जाताना वारा समोरून घ्या.

तिसाव्याला पाय जड होणं हा इंधनाचा हिशेब आहे. पळताना दर किलोमीटरला शरीराच्या एका किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला मॅरेथॉनभर अडीच हजार. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा साठा जेमतेम दोन हजारांचा. सुरुवातीला वेग जास्त ठेवला की तो साठा लवकर आटतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेत गेलं तर तूट भरते, पण पोटाला त्याची सवय लाँग रनमध्येच लावावी लागते. शर्यतीच्या दिवशी नवीन जेल (कर्बोदकांच्या दाट पाकाची पुडी) फोडणं म्हणजे पोटाशी जुगार.

पाण्याचं मात्र उलटही होतं: जास्त प्यायलं की रक्तातलं सोडियम घटतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी आढळलं. शर्यतीत वजन वाढलेल्यांत हे जास्त होतं. तहान लागेल तसं प्या. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. वाढलेलं आढळलं तर पाणी जास्त झालं.

कधी थांबायचं

नडगीच्या आतल्या कडेला दोन्ही पायांत पसरलेलं, पळताना सुरू होऊन गरम झाल्यावर कमी होणारं दुखणं बहुधा नडगीच्या ताणाचं असतं. पल्ला कमी करून, मऊ सपाट वाट घेऊन काही दिवस पाहता येतं. पण बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला तडा जात असण्याची शक्यता आहे. तेव्हा वाट बदलून भागत नाही. पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी ही तिन्ही लक्षणं त्यांना सविस्तर सांगा आणि एमआरआयची गरज आहे का ते विचारा.